मेणवलीचा घाट की हर्णैचा किनारा?

तीन-चार दिवसांची रजा मिळाली आहे, रंगांची पिशवी भरलेली आहे आणि पाण्याकाठी बसून निसर्गचित्रे काढायची आहेत, एवढे ठरले की जागेचा प्रश्न उभा राहतो. गेली कित्येक वर्षे मी हिवाळ्यात कधी वाईजवळच्या मेणवलीला, तर कधी दापोली तालुक्यातल्या हर्णैला जात आलो आहे, आणि या दोहोंपैकी कुठे जावे असे कोणी विचारले की मी आधी त्याचेच मागचे काम पाहायला मागतो. घाटावर चित्र बिघडते ते बहुधा रेखांकनात, आणि किनाऱ्यावर बिघडते ते छटेचा, म्हणजे काय उजळ आणि काय गडद याचा, निर्णय घ्यायला उशीर झाल्यामुळे, असा माझा अनुभव आहे. म्हणून आपली कच्ची बाजू कोणती हे ज्याला ठाऊक आहे त्याला जागा निवडणे फारसे अवघड जात नाही.

मेणवलीचा कृष्णेकाठचा घाट नाना फडणवीसांनी बांधवला. तो चंद्रकोरीसारखा वळलेला आहे आणि चित्रकाराची परीक्षा त्या वळणातच आहे. सरळ घाटाच्या पायऱ्या एका बिंदूकडे धावतात, त्यामुळे दोन रेषा नीट बसल्या की बाकीच्या आपोआप बसतात. इथे मात्र प्रत्येक पायरी वळता वळता आपली दिशा बदलते, आणि एका पायरीत झालेली चूक खालच्या पायरीत दुप्पट होऊन उतरते. माझी मेणवलीची पहिली चार-पाच चित्रे घसरगुंडीसारखी दिसत होती. वाईचा गणपती घाट त्या मानाने सोपा आहे. गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगावे म्हणून मत्स्याकार केलेली आहे, आणि तो आकार कागदावर एकदा बरोबर उतरला की चित्राला आधार मिळतो. पण वाईला वर्दळ फार असते, म्हणून निवांत बसायचे असेल तर मी मेणवलीच सुचवीन.

घाटाकडून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे प्रतिबिंब. वरचे दृश्य उलटे करून खाली काढले की प्रतिबिंब झाले, हा समज इथे पहिल्याच सकाळी मोडतो. समोरच्या काठावर थोडे उंचावर बसून पाहिले, तर पायऱ्यांचे आडवे आणि उभे असे दोन्ही भाग दिसतात. पाण्यात मात्र फक्त उभे भाग उरतात, कारण पाणी ते दृश्य जणू खालून पाहत असते. देवळाच्या छज्जाची जी खालची बाजू आपल्याला दिसत नाही, ती पाण्यात दिसते. शिवाय काळा पाषाण पाण्यात किंचित उजळतो आणि वाळत घातलेले पांढरे धोतर किंचित मळकट होते. पाणी आणि दगड यांच्या सीमेवर ओल्या दगडाचा एक गडद पट्टा असतो, त्याची जाडी रोज थोडी वेगळी असते, आणि तो विसरला तर सबंध घाट पाण्यावर तरंगू लागतो. या सगळ्याकडे पाहायला इथे वेळ मिळतो, कारण दगड हलत नाही आणि झाडांच्या सावल्या सरकल्या तरी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी येतात. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) कोटीतीर्थाचे तेच तळे पुन्हा पुन्हा का रंगवीत राहिले, हे मला पुस्तकातून नव्हे तर मेणवलीच्या तिसऱ्या खेपेला समजले. मेणवलीलाच मेणेश्वराच्या देवळाच्या आवारात, चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली त्या काळची पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चित्रासाठी तिचा फारसा उपयोग नाही, पण कागद वाळेपर्यंत पाहत बसायला ती बरी आहे.

हर्णैला असा निवांतपणा मिळत नाही. समोर सुवर्णदुर्ग हा समुद्रातला किल्ला, अलीकडे नांगरलेल्या होड्या, वाळूवर मासळीचा लिलाव आणि पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या, एवढे सगळे एकदम डोळ्यांसमोर येते. नवखा माणूस ते सगळेच काढायला बसतो आणि काही वेळाने मान वर करून पाहतो तेव्हा त्यातले निम्मे जागेवर नसते. इथे रेखांकनातली चूक बरीचशी खपून जाते. किल्ल्याचा बुरूज थोडा रुंद झाला तरी कोणी हटकत नाही. पण आकाश, पाणी आणि ओली वाळू या तीन पट्ट्यांपैकी सर्वांत उजळ कोणता आणि सर्वांत गडद कोणता, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरले नाही तर पुढचे कष्ट वाया जातात. संध्याकाळी उजेड समोरून येतो, तेव्हा ओल्या वाळूत आकाश उतरते आणि ती पाण्याहूनही उजळ दिसते, हे डोळ्यांना दिसत असूनही हात मानत नाही आणि वाळू म्हणून पिवळा गेरूच लावून मोकळा होतो. निळ्या रंगाचेही तसेच आहे. आपल्या या किनाऱ्याचे पाणी बऱ्याचदा हिरवट-राखाडी असते आणि खाडीच्या तोंडाशी तर सरळ मातकट असते. कागदावरचा निळा समुद्र आपण घरूनच घेऊन आलेलो असतो.

हर्णैचा एक धडा मला एका कोळ्याने दिला. रचना चांगली दिसावी म्हणून मी चार होड्या चार दिशांना तोंडे करून काढल्या होत्या. तो मागे उभा राहून बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, “दादा, वारा चार बाजूंनी येतोय का?” नांगरावर असलेल्या होड्यांची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे वळलेली असते, म्हणून त्या सगळ्या जवळपास एकाच दिशेला पाहतात आणि भरतीची ओहोटी झाली की एकामागून एक फिरतात. तेव्हापासून मी आधी वाऱ्याची दिशा कागदाच्या कोपऱ्यात बाणाने नोंदवतो, मग पेन्सिल उचलतो.

माध्यमाचा विचार केला तर निवड आणखी स्पष्ट होते. जलरंगात काम करणाऱ्याला मेणवली मानवते, फक्त डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नदीवर धुके असताना पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, वाळायला फार वेळ लागतो, त्यामुळे एकाच वेळी दोन कागद हाताशी ठेवून आलटूनपालटून काम करावे. हर्णैला नेमके उलटे घडते. दुपारच्या वाऱ्यात आकाशाचा वॉश क्षितिजापर्यंत पोहोचण्याआधीच त्याची वरची कड वाळून रेघ उमटते, आणि फेसाचा पांढरा कागद आधीच राखून ठेवला नसेल तर तो नंतर मिळत नाही. एकदा पिण्याचे पाणी संपले म्हणून मी समुद्राचे पाणी डब्यात घेऊन रंगवले. मिठामुळे आकाशभर पांढुरके डाग फुटले आणि ते चित्र टाकून द्यावे लागले. तैलरंग वापरणाऱ्यांनी वाळूचे कण रंगात चिकटणार हे गृहीत धरावे, ईझलच्या खाली दगड भरलेली पिशवी टांगावी आणि ओले पॅनेल एकमेकांना न लागता नेता येतील अशी खाचांची पेटी जवळ बाळगावी. तरीही मी तैलरंगवाल्यांना हर्णैच सुचवतो, कारण चुकलेली छटा खरवडून पुन्हा लावायची सोय तिथे फार उपयोगी पडते. ॲक्रिलिक दोन्हीकडे चालते, पण किनाऱ्यावरच्या वाऱ्यात पॅलेटवर सारखे पाणी शिंपडत राहावे लागते.

खर्च आणि दगदग यांत घाट सरस आहे. पुण्याहून वाई नव्वद किलोमीटरच्या आसपास असल्याने एका दिवसात जाऊन येता येते; हर्णैला मुक्काम करावाच लागतो. घाटावर मात्र पथ्य अधिक पाळावे लागते. लोक तिथे स्नान आणि पूजा करतात, म्हणून ब्रश नदीत धुऊ नयेत, रंगाचे पाणी बाटलीत भरून परत न्यावे आणि स्नान करणाऱ्यांना ओळखू येतील असे रंगवू नये. लिलावात मात्र आपल्याकडे बघायला कोणाला सवड नसते. फक्त टोपल्या घेऊन येणाऱ्या बायकांच्या वाटेत बसू नये.

माझे मत विचाराल तर पहिल्या खेपेला मेणवली आणि रेखांकनावर हात बसल्यावर हर्णै. ज्यांना घाट आता सहज जमतो आणि ज्यांची चित्रे दिवसेंदिवस अधिकच नेटकी होत चालली आहेत, त्यांनी मात्र यंदा मेणवली टाळावी. दोन्हींचा मोह सुटत नसेल तर हर्णैजवळची आंजर्ल्याची खाडी आहे. भरती पूर्ण होऊन ओहोटी लागेपर्यंतची काही मिनिटे तिथले पाणी नदीसारखे स्थिर होते, पण तेवढ्या वेळात चित्र पुरे करणारा हात माझा अजून झालेला नाही.

हर्णै ठरलेच तर रजेचा अर्ज देण्याआधी तिथी पाहावी. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. तेही दृश्य चांगले असते, पण पावसात बसणार कुठे? इतर महिन्यांत कोकणातला जुना हिशोब वापरावा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. म्हणजे अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते आणि संध्याकाळच्या उजेडात होड्या पाण्यावर डुलत असतात, तर पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास होऊन सायंकाळी पाच-साडेपाचला पाणी दूर गेलेले असते आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे ओली, चकचकीत वाळू सर्वांत जास्त उघडी पडते. हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, म्हणून पिशवी आणि चपला मात्र वाळूवरच्या ओल्या रेषेच्या चांगल्या वरच्या बाजूला ठेवाव्यात.