बघून दिलेली ग्रेड की वाजवून दिलेली? जुनी एलपी ऑनलाइन घेताना

जुनी एलपी (गाण्यांची मोठी रेकॉर्ड) ऑनलाइन विकणारे तिची ग्रेड, म्हणजे ती किती चांगल्या अवस्थेत आहे त्याचा शेरा, दोन प्रकारे देतात, एकतर लाइटखाली नुसती बघून नाहीतर अख्खी वाजवून, आणि दोन्हीकडे 'वीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस) लिहिलेलं असलं तरी ते सारखं नसतं.

बघून चरे, धूळ, वाकलेली कड हे सगळं कळतं, पण घासलेल्या सुईने झिजवलेल्या खाचा बहुतेक वेळा डोळ्याला दिसतच नाहीत, रेकॉर्ड मस्त चमकते आणि लावली की आवाज फाटतो, खास करून लेबलजवळच्या शेवटच्या गाण्यात. उलटंही होतं बरं का, बारीक वरवरचे चरे फोटोत भयंकर दिसतात आणि वाजवताना काहीच ऐकू येत नाही.

म्हणून महागड्या रेकॉर्डसाठी मी वाजवून दिलेल्या ग्रेडवरच भरवसा ठेवतो. "दुसऱ्या बाजूला पहिल्या गाण्यात हलके टिक" असं लिहिलं असेल तर त्या माणसाने खरंच ऐकलंय. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या स्पीडला एक फेरी १.८ सेकंदांची, त्यामुळे आडवा चरा असेल तर तेवढ्या अंतराने टिक येत राहते. पण त्याची सुई, स्पीकर कसे ते आपल्याला दिसत नाही, सो फोटो मागायचेच.

स्वस्तातली रेकॉर्ड कोण वाजवत बसणार, तिथे बघून दिलेली ग्रेड चालते. फक्त मधल्या भोकाभोवती लेबलचा क्लोजअप मागवा, रेकॉर्ड लावताना प्लेअरच्या मधल्या पिनच्या रेषा तिथे उमटतात, खूप रेषा म्हणजे खूप वाजलेली. आणि चरा नखाला लागतो का ते विचारा, लागत असेल तर मी तरी सोडून देतो.