पुण्याच्या बाल्कनीत फर्न: पावसाळा ते मे, सगळे ऋतू काढल्यावरचा अनुभव

फर्नचं, म्हणजे नेच्याचं, कौतुक करणाऱ्या पोस्ट बघा, बहुतेक सगळ्या जुलै-ऑगस्टमधल्या असतात. तेव्हा पुण्यात फर्न कुठेही ठेवा, वाढतोच, त्यात आपलं कर्तृत्व काही नसतं. म्हणून मी मुद्दाम मे उलटून जाईपर्यंत थांबले आणि आता निवांत लिहितेय.

आधी माझ्याकडची परिस्थिती सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. कोथरूडला तिसरा मजला, बाल्कनीचं तोंड ईशान्येला, सकाळी कोवळं ऊन येतं आणि नऊ-साडेनऊनंतर नुसता उजेड, बाहेरच्या बाजूने हिरवी शेडनेट, ७५ टक्के ऊन अडवणारी. झाडं बरीचशी सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्यांमधून आणली, एक-दोन ऑनलाइन मागवली. ऑनलाइनचं एका वाक्यात सांगते, फर्न कुरियरने मागवू नका, दोन-तीन दिवस खोक्यात राहून पानं काळी पडून येतात आणि कस्टमर केअरवाले म्हणतात मॅम नवीन पानं येतील. येतात, पण तोपर्यंत कुंडीत नुसती काडी बघत बसायचं.

बोस्टन फर्नपासून सुरू करते कारण नव्वद टक्के लोक तोच घेतात. शंभर-दीडशे रुपयांत हँगिंग कुंडीसकट मिळतो. १८९४ च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाहून बॉस्टनला गेलेल्या फर्नच्या मालात हा वेगळा, खाली झुकणाऱ्या पानांचा प्रकार सापडला म्हणून हे नाव. आपल्याकडे मात्र बोस्टन म्हणून दोन वेगळी झाडं विकली जातात. मी दोन कुंड्या आणल्या, एकाच लायनीत ठेवलेल्या, एकच भाव. जूनमध्ये कुंडी बदलताना एकीच्या मुळांना वाटाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या लवदार गाठी निघाल्या. मला वाटलं निमॅटोड, म्हणजे मुळांना गाठी आणणारे सूक्ष्म जंत, का काय, पण तसं नाही, हा नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया, म्हणजे सोर्ड फर्न, आणि त्या गाठींमध्ये तो पाणी साठवतो. खऱ्या बोस्टनला, म्हणजे एक्झाल्टाटाला, अशा गाठी येत नाहीत. नर्सरीवाल्या काकांना पुढच्या खेपेला विचारलं तर म्हणाले, "ताई, दोन्ही बोस्टनच ओ, काय फरक पडतो." फरक एप्रिलमध्ये पडला. गाठीवाला जवळजवळ जसाच्या तसा उभा होता, पानं सरळ, थोडी पिवळट, आणि खरा बोस्टन मात्र रोज मूठभर पानं खाली टाकत होता. आमच्या मावशी झाडू मारून वैतागल्या, हे झाड कधी मरायचंय एकदाचं असं तोंडावर विचारलं त्यांनी. तर नर्सरीत गेलात की शक्य असेल तर कुंडीतून गठ्ठा हळूच वर उचलून बघा, गाठी दिसल्या तर डोळे झाकून तोच घ्या. दिसायला थोडा रांगडा आहे, पानं तितकी झुकत नाहीत, पण आपल्या हवेत टिकतो.

दोन्हीच्या कुंडीतून बारीक केसाळ दोरे लोंबायला लागतात, ते कापू नका. तो दोरा शेजारच्या कुंडीतल्या मातीवर टेकवून ठेवला की तिथे नवीन रोप धरतं. माझ्याकडच्या निम्म्या कुंड्या अशाच फुकटात झाल्यात.

आता हंसराज, मेडनहेअर. ह्याच्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. दिसायला ह्याच्याइतका सुंदर दुसरा फर्न नाही, काळ्या तारेसारखे देठ आणि त्यावर ती हिरवी टिकल्या-टिकल्यांची नक्षी, पाणी शिंपडलं तरी पानावर थांबत नाही, थेंब घरंगळून जातो. पण माती एकदा, फक्त एकदा, पूर्ण सुकली की संध्याकाळपर्यंत सगळी पानं कुरकुरीत, आणि मग कितीही पाणी घाला ती पानं परत येत नाहीत. तेव्हा घाबरून झाड टाकून देऊ नका, सगळं मातीच्या वरपर्यंत कापा, कुंडी सावलीत ठेवा, माती ओलसर ठेवा, तीन-चार आठवड्यांत छोटे गुंडाळलेले कोंब वर येतात. माझा हंसराज मार्चनंतर बाल्कनीत राहिलाच नाही, बाथरूमच्या खिडकीत गेला आणि तिथे मजेत आहे, कारण खिडकी उत्तरेची आहे आणि घरातले सगळे एकामागून एक आंघोळीला जातात. तुमच्या बाथरूमला खिडकी नसेल तर हा प्रयोग करू नका, उजेडाशिवाय नुसती वाफ खाऊन कुठलंच झाड जगत नाही.

माझी आत्या सावंतवाडीला असते, तिला हंसराजचा फोटो पाठवला तर तिचा फोन, "गो, ह्येका पैशे दिलंस?" तिच्याकडे चिऱ्याच्या गडग्यावर आणि विहिरीच्या आतल्या बाजूला पावसात असले नेचे आपोआप उगवतात, कोणी ढुंकून बघत नाही. बरोबरच आहे, तिकडची हवाच तशी. पण म्हणून आंबोली, ताम्हिणीला फिरायला गेल्यावर दगडावरचे नेचे खरवडून पिशवीत घालून आणणाऱ्यांना हात जोडून विनंती की ते करू नका. त्यातले कितीतरी नेचे पावसाळा संपला की वरून वाळून जातात, जिवंत असतात ते फक्त खालचे कंद, ते पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात, आणि तुम्ही घरी आणून ऑक्टोबरात मेला म्हणून फेकून देता. शंभर रुपयांत नर्सरीत मिळतोय ना.

बर्ड्स नेस्ट ज्यांना रोजची उस्तवार जमत नाही त्यांच्यासाठी. रुंद, चकचकीत, केळीच्या कोवळ्या पानासारखी पानं, मधे गोल खळगा. त्या खळग्यात पाणी ओतायचं नाही, कडेने मातीत घालायचं, नाहीतर मधला कोंब कुजतो आणि कोंब गेला की झाड गेलं, कारण सगळी नवी पानं तिथूनच येतात. नवीन पान उलगडत असताना त्याला हात लावायचा नाही, पाहुण्यांची लहान मुलं नेमकं तेच करतात आणि ते पान मग आयुष्यभर वाकडं. उन्हाळ्यात कडा तपकिरी झाल्या, बाकी तक्रार नाही. हॉलमध्ये ठेवलाय, फक्त एसीचा झोत थेट येणार नाही असा.

स्टॅगहॉर्न सगळ्यात महाग पडला, लाकडाच्या फळीवर बांधलेला, हजाराच्या आसपास. ह्याची दोन तऱ्हेची पानं असतात, एक हरणाच्या शिंगासारखी पुढे येणारी आणि दुसरी मागे फळीला चिकटून बसणारी ताटलीसारखी. ती ताटली काही दिवसांनी तपकिरी होते. ती होणारच आहे, सोलून काढू नका, तिच्याखालीच मुळं असतात आणि ओलावाही तीच धरते. शिंगांवर पांढरट लव असते ती धूळ समजून पुसू नका, सासूबाईंनी ओल्या फडक्याने एक पान अगदी लख्ख पुसून ठेवलं होतं, त्या लवेमुळे पानातलं पाणी कमी उडतं. पाणी द्यायची पद्धत म्हणजे फळीसकट बादलीत पंधरा-वीस मिनिटं बुडवायचं आणि निथळून परत टांगायचं, एरवी आठवड्यातून एकदा, मेमध्ये एक दिवसाआड. उन्हाळ्याला ह्याने सोर्ड फर्नच्या खालोखाल तोंड दिलं, हे मला अपेक्षित नव्हतं.

अॅस्परॅगस फर्न घेणाऱ्यांसाठी, तो फर्न नाहीच, शतावरीच्या कुळातला आहे, त्याला फुलं येतात, फळं येतात. खऱ्या फर्नला फूल कधीच येत नाही. चांगलं झाड आहे, पण नियम वेगळे, इथे धरत नाही.

आता मुद्द्याचं. मी एक छोटा डिजिटल मीटर घेतला, तापमान आणि आर्द्रता दाखवणारा, तीन-चारशे रुपयांचा, आणि माझ्या मते फर्नपेक्षा आधी तो घ्यावा. पावसाळ्यात बाल्कनीत आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असायची, डिसेंबरातही सकाळी बरा, आणि मार्चच्या शेवटापासून दुपारी तीन वाजता वीस, कधी त्याच्याही खाली. फर्न वाळला की आपण पाणी वाढवतो, पण माती ओलीच असते, पान वाळतं ते हवेमुळे, आणि जास्तीच्या पाण्याने मुळं कुजतात, मग दोन्हीकडून मार. आमच्या शेजारच्या वहिनींचे तीन बोस्टन असेच गेले, रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी.

स्प्रे बाटलीने फवारणं हे मनाचं समाधान आहे, मीटर समोर ठेवून बघितलंय, आकडा चढतो आणि थोड्याच वेळात होता तिथे. उपयोग झाला तो ह्या गोष्टींचा: सगळ्या कुंड्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने ठेवल्या, मधे मातीच्या उथळ परातीत खडी आणि पाणी ठेवलं (कुंडी पाण्यात बसता कामा नये, खडीवर बसायची), दुपारी फरशी ओली केली आणि शेडनेटला आतून जुनी सुती साडी लावून ती भिजवली. साडीमुळे सगळ्यात जास्त फरक पडला, कुलरची ताटी असते तसंच काम आहे ते. वारा सुटला की मात्र सगळं व्यर्थ, त्यामुळे जाळी नीट ताणून बांधा.

पाणी कुठलं घालताय हेही बघा. महानगरपालिकेचं पाणी चाललं, पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी सुरू झालं की कुंडीच्या कडेला पांढरा थर यायला लागला आणि पानांची टोकं जळायला लागली. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी झाडांना घालावं असं सगळीकडे सांगतात, वाया जाऊ नये हे ठीक, पण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात, ते फरशी पुसायला वापरा, फर्नला नको. एसीच्या पाइपचं पाणी मात्र एक नंबर, हवेतली वाफ थंड होऊन झालेलं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि नेमकं एप्रिल-मेमध्येच भरपूर मिळतं. आमच्या एसीखाली आता कायमची बादली आहे. खतं त्यात नसतातच, ते वेगळं द्यावं लागतं.

माती म्हणाल तर नर्सरीतून येते ती लाल मातीची ढेकळं, उन्हाळ्यात ती विटेसारखी होते आणि पाणी कडेने खाली पळतं. मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजलेला पालापाचोळा, थोडं गांडूळखत आणि कोळशाचे बारीक तुकडे असं मिश्रण केलं, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) असेल तर तेही. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी दोन-तीनदा पिळून फेकून द्या, त्यात मीठ असतं बऱ्याचदा. टेराकोटाच्या कुंड्या दिसायला छान पण आपल्या हवेत भराभर सुकतात, मी प्लॅस्टिकची कुंडी आत आणि मातीची बाहेर, मधे नारळाच्या शेंड्या कोंबल्यात.

खत अगदी पातळ, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भाग, महिन्यातून एकदा, तेही जून ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात बंद.

किडीचा त्रास थोडा झाला, मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड) आणि पावसात गोगलगायी. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचायच्या. नीम ऑइल फर्नवर जपून, पानं नाजूक असतात, माझ्या हंसराजची पानं एका फवाऱ्यात डागाळली, त्यापेक्षा पाण्याचा जोराचा फवारा मारा किंवा कीड लागलेलं पानच कापा. आणि पानाखाली ओळीने तपकिरी ठिपके दिसले तर लगेच औषध शोधू नका, ठिपके एकसारख्या अंतरावर, नक्षी काढल्यासारखे असतील तर ते बीजाणूंचे पुंजके असतात, फर्नचं बियाणंच म्हणा, कीड असेल तर ती वेडीवाकडी, देठावरही असते.

हवा शुद्ध होते म्हणून कोणी घेत असेल तर ते सोडून द्या. नासाचा १९८९ चा तो प्रसिद्ध प्रयोग छोट्या बंद पेट्यांमध्ये झाला होता, आणि २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा निघालं की घरातली हवा झाडांनी खिडकी उघडल्याइतकी साफ करायची तर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. आमच्या हॉलमध्ये मग आम्हाला उभं राहायलाही जागा नाही. घ्यायचा तर हिरवा रंग बघायला घ्या, ते कारण पुरेसं आहे.

परत घेईन का? सोर्ड फर्न आणि बर्ड्स नेस्ट हो, लगेच. स्टॅगहॉर्न हो, पण बादलीत बुडवायची तयारी असेल तर, गावाला महिनाभर जाणाऱ्यांनी नको. खरा बोस्टन कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत असते तर घेतला असता, इथे नाही, आहे तो ठेवीन. हंसराज एकच पुरे. आणि खरेदी जूनच्या मध्यावर करा, पहिले दोन-तीन पाऊस पडून गेल्यावर, म्हणजे झाडाला मुळं धरायला चार-पाच महिने मिळतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात फर्न हिरवेगार दिसतात आणि मोह होतो, पण तेव्हा घेतलेला फर्न तुमच्या घरात रुळायच्या आत मार्च उजाडतो, तेव्हा तिथे नावं लिहून आणा आणि पैसे पावसाळ्यासाठी ठेवा.