भडंग की शेंगदाण्याचा लाडू?

सांगलीत शाळा सुटून पाचच्या सुमारास घरी आलेल्या मुलाला भूक धीर धरू देत नाही, आणि त्या वेळी हाताशी बहुधा भडंगाचा डबा असतो. लसूण, मिरचीपूड आणि कढीपत्त्याच्या फोडणीत शेंगदाण्यांसह परतलेले हे चुरमुरे मुलांना मनापासून आवडतात. मात्र चुरमुरे मुख्यतः पिष्टमय असल्याने वाटीभर खाऊनही मूल तासाभरात पुन्हा स्वयंपाकघरात डोकावते. शिवाय त्यातले तिखट-मीठ लहानांना जास्तच होते.

याउलट शेंगदाणे आणि गूळ यांचा लाडू पोटाला आधार देतो, कारण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि स्निग्धांशामुळे ते सावकाश पचतात. दाणे मंद आचेवर साल सुटेपर्यंत भाजून, सोलून, कोमट असतानाच चिरलेल्या गुळासह मिक्सरमध्ये फिरवले, की सुटलेल्या तेलातच लाडू वळता येतो. तूप लागत नाही. गूळ दातांना चिकटतो, म्हणून नंतर चूळ भरायला लावावी. शेंगदाण्यांची ॲलर्जी असलेल्या मुलाला अर्थातच दोन्ही पदार्थ वर्ज्य आहेत.

रोजच्यासाठी माझी पसंती लाडवालाच आहे. भडंग करायचेच झाले, तर तिखट निम्मे ठेवून शेंगदाणे दुप्पट घालावेत.