स्केचबुक घेऊन जाताय? मग पॉम्पेईच्या आधी ऑस्टिया अँटिका

रोमला जाताय आणि स्केचिंगसाठी एकच जुनं रोमन शहर बघायला वेळ असेल तर पॉम्पेई राहू दे, ऑस्टिया अँटिकाला जा, हे मी अगदी बिनधास्त सांगेन. पॉम्पेई ग्रेटच आहे, त्यात वाद नाही, पण तिथे जरा कुठे बसून चित्र सुरू केलं की गाईडमागून आलेला घोळका बरोब्बर आपल्या समोर येऊन उभा राहतो. ऑस्टियात भिंतीच्या कडेला तासभर बसा, कोणी उठवत नाही, वर पाइनची सावली.

जाणं सोपं आहे, मेट्रो बी ने पिरामिदे, शेजारच्या पोर्ता सान पाओलो स्टेशनवरून समुद्राकडे जाणारी लोकल, साधारण अर्धा तास, पुढे पादचारी पूल ओलांडून चालत.

हे रोमचं बंदर, टायबर नदीच्या मुखाशी. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, ऑस्टिया मात्र गाळ साचत आणि व्यापार आटत हळूहळू रिकामं झालं. म्हणून इथे दुसऱ्या शतकातल्या बहुमजली विटांच्या इमारती दिसतात, खाली दुकानं आणि वर भाडेकरू, पॉम्पेईत या काळाचं काही मिळणारच नाही. बराचसा संगमरवर नंतर लोकांनी काढून नेला, उरल्या मुख्यतः विटा, पण चित्र काढणाऱ्याला तेच हवं असतं! कमानींच्या कडा स्वच्छ, सावल्या ठळक, बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी रंग आणि सावलीसाठी जरासा निळा अल्ट्रामरीन, एवढ्यात अख्खी गल्ली निघते. एकेक वीट काढत बसू नका, डोळे किलकिले करून आधी सावलीचे मोठे आकार पकडा.

पण माझ्या मते ऑस्टियाचं खरं सोनं जमिनीवर आहे. नेपच्यूनच्या स्नानगृहाशेजारी जिना चढून वर गेलं की खाली प्रचंड काळी-पांढरी मोझेक फरशी दिसते, पुढून घोडा आणि मागून मासा अशा समुद्री घोड्यांच्या रथावर रोमन समुद्रदेव नेपच्यून, भोवती डॉल्फिन वगैरे. नीट बघा, घोड्याचं अंग सगळं काळं आहे आणि स्नायू, मान, मांडी हे फक्त बारीक पांढऱ्या रेषांनी दाखवलंय, छटा एकही नाही! मी तिथे ब्रश पेनने काळा आकार भरून रेषांपुरता कागद कोरा सोडत गेले आणि कुठे रेष द्यायची, कुठे नाही, हे इतकं स्वच्छ कळलं की काय सांगू, कुठल्या क्लासमध्ये असं शिकायला मिळालं नव्हतं.

नाट्यगृहामागच्या चौकातही हेच, तिथे व्यापारी आणि जहाजवाल्यांच्या खोल्या होत्या आणि प्रत्येकीसमोर मोझेकमध्ये त्यांची ओळख, जहाजं, दीपस्तंभ, आणि आजच्या लिबियातल्या साब्राथाच्या लोकांचा हत्ती. हत्ती नक्की काढा, चार-पाच वळणांत उभा राहतो. जवळच्या गल्लीत खाण्यापिण्याचं जुनं दुकान आहे, संगमरवरी काउंटर, भिंतीवर खाद्यपदार्थांचं रंगवलेलं चित्र आणि दाराशी दगडी बाक, परस्पेक्टिव्हचा सराव करायला याहून छान जागा नाही.

तक्रारी आहेत. माहितीचे फलक कमी आहेत आणि जे आहेत त्यातून फार काही हाती लागत नाही, थोडं वाचून जा. काही घरं दोरी लावून बंद असतात. मुख्य रस्ता डेकुमानुस दुपारी तापतो आणि काळ्या लाव्हाच्या फरसबंदीवर पाय वळतात, साधे स्लीपर नकोत. संध्याकाळी डास.

सोमवारी बंद असतं. महिन्याचा पहिला रविवार इटलीतल्या सरकारी स्थळांना फुकट असतो पण त्या दिवशी गर्दी होते, तेव्हा चित्र काढायचं असेल तर तिकीट काढून मधल्या वारी जा, हिवाळ्यात बंद व्हायची वेळ लवकर असते ती बघून, आणि गेट उघडल्या उघडल्या सरळ नेपच्यूनच्या जिन्यावर.

पाचपैकी साडेचार, अर्धा त्या फलकांचा कापला.