जनऔषधी केंद्र: बीपी-शुगरला चालेल, थायरॉईडला जपून

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्यांचा दर महिन्याला बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवर खर्च होतो, त्यांनी जनऔषधी केंद्र, म्हणजे स्वस्त जेनेरिक (मूळ नावानं विकल्या जाणाऱ्या) औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान, जरूर धरावं. बिल निम्म्यावर येतं, पुष्कळदा त्याहूनही खाली. माल एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमध्ये तपासूनच केंद्रात येतो.

आधी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर कंटेंट (औषधाचं मूळ नाव) लिहून घ्या. ब्रँड लिहिला असेल तर फार्मासिस्टला परस्पर दुसरी गोळी देता येत नाही, तसा नियमच आहे. काउंटरवर कंटेंट आणि मिलिग्रॅम सगळेच बघतात. घोळ होतो तो पुढच्या अक्षरांत. शुगरची मेटफॉर्मिन ५०० एसआर पोटात हळूहळू सुटते. तिच्याजागी साधी ५०० आली की मळमळ, जुलाब सुरू होतात आणि दोष जेनेरिकला जातो. बीपीच्या मेटोप्रोलॉलचंही तेच: सक्सिनेट ईआर (हीही हळूहळू सुटणारी) दिवसातून एकदा, टारट्रेट बहुधा दोनदा.

भाव पाकिटाचा नको, एका गोळीचा काढा. कुठं पाकिटात १० असतात, कुठं १५. मेडिकलवाला ‘जेनेरिकवर ५० टक्के सूट’ म्हणतो ती एमआरपीवर, आणि त्या मालाची एमआरपीच बरेचदा फुगवलेली असते. केंद्राचा भाव ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर दिसतो. तो बघा, मग सूट किती ते ठरवा.

खरी रड साठ्याची. दोन-तीन कंटेंटच्या एकत्र गोळ्या हव्या तेव्हा मिळतीलच असं नाही. अक्कलकुवा-धडगावकडून एसटीनं येणाऱ्यांनी आधी फोन करावा, तोही घरात आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असताना.

थायरॉईडची थायरॉक्सिन, फिटची फेनिटॉइन आणि रक्त पातळ करणारी वॉरफेरिन इथून घ्यायच्या तर डॉक्टरांना सांगूनच. खरेदी टेंडरनं होते, त्यामुळे केंद्राचं पाकीट तेच दिसलं तरी आतली कंपनी बदललेली असू शकते. मागं बारीक अक्षरात निर्मात्याचं नाव असतं, ते दर वेळी वाचा. या औषधांत डोसचा थोडा फरकही बाधतो. थायरॉक्सिनची कंपनी बदलली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या. चालू गोळी मानवली असेल तर थोड्या पैशांसाठी ती बदलूच नये.

उन्हाळ्याचंही बघा. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ वर जातो आणि बहुतेक पाकिटांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. गोळ्या मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. बीपीची टेल्मिसार्टन ओल धरते, ती पाकिटातून काढून डबीत भरू नये. इन्सुलिन बर्फाच्या पिशवीशिवाय नेऊ नका, पण बर्फाला थेट टेकवूही नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.