३७,३५० रुपये गेले; बिघाड होता गंजलेल्या बोल्टचा

लिहू की नको यात दोन महिने गेले. पण परवा आमच्याच भागातल्या एका वहिनींना त्यांच्या ईको गाडीबद्दल "ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) उडालाय" असं सांगून साडेआठ हजार मागितल्याचं कळलं. तेव्हा ठरवलं, लाज गेली तरी चालेल, लिहायचंच.

माझी ओम्नी २००८ ची. डब्यांचा व्यवसाय आहे, रोज ६२ डबे एमआयडीसीत पोचवते, गाडी मीच चालवते. २०२३ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा ५,००० रुपये फी भरून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. ओम्नी २०१९ मध्ये बंदच झाली, नवी मिळणार नाही, म्हणून हिच्यावर खर्च करावाच लागतो. हे आधीच सांगते, कारण "एवढ्या जुन्या गाडीत एवढे पैसे घातलेच कशाला" हे सगळ्यांकडून ऐकून झालंय.

नोव्हेंबरात पुण्याहून भांडी घेऊन येत होते. खंबाटकीच्या चढाला काटा लालवर गेला. बाजूला घेऊन बंद केली, अर्धा तास थांबलो. मग सेल्फ मारला तर नुसतं टक टक. हेडलाइट लावून पाहिला, तर सेल्फ मारताच दिवा विझायला आला. संध्याकाळचे सात वाजलेले, सोबत बारावीतला मुलगा. टोइंगवाल्याने १,२०० घेतले आणि स्वतःच्या ओळखीच्या गॅरेजवर नेऊन सोडलं. टोइंगवाला म्हणेल त्या गॅरेजला गाडी लावू नका. रात्र काढावी लागली तरी चालेल.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. गॅरेजवाल्याने सीट उचलली, ऑइलचं झाकण काढून माझ्यासमोर धरलं. आतून पांढरट, साय धरल्यासारखा थर. "ताई, हेड गॅस्केट गेली. पाणी ऑइलमध्ये उतरलंय." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील. डोळ्यांनी दिसत होतं, मी काय वाद घालणार? तीन दिवसांत यादी वाढत गेली. हेड गॅस्केट १४,५००, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) ६,८००, ईसीएम ९,५००, ऑइल-कूलंट १,८५०, मजुरी ३,५००. टोइंग धरून ३७,३५०. वीस हजार यूपीआयने दिले, बाकी रोख, कारण "रोख दिले तर जीएसटी वाचेल". बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप लागत नाही.

गाडी ताब्यात घेताना त्याने सीट उचलून "नवीन" अल्टरनेटर दाखवला. पेट्रोलने धुऊन चकचकीत केलेला. पण जाळीच्या खाचेत लाल काहीतरी दिसलं. मी बोट फिरवलं, बोटाला गुलाबी लागलं. "हे काय?" विचारलं. "कंपनीचं मार्किंग असतं, ताई. चेक करून पास केलं की लावतात." मी मान डोलावली. ते कुंकू होतं. दसऱ्याला सीट उचलून इंजिनाला मीच कुंकवाची बोटं ओढली होती, माझ्याच हाताने. माझंच कुंकू माझ्या बोटाला लागलं आणि मी पदराला पुसून पैसे मोजले. तिसरा दिवस होता, भाड्याच्या टेम्पोला रोज ७०० जात होते, गिऱ्हाईक तुटेल ही भीती होती. तरीही तिथे थांबायला हवं होतं.

गाडी नऊ दिवस उत्तम चालली. दहाव्या दिवशी परत तेच, काटा वर आणि सेल्फला टक टक.

या वेळी गावातल्या जुन्या वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी आधी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे चांगली. मग जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सरळ गिअरबॉक्सच्या लोखंडाला लावलं आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. पहिल्या झटक्यात चालू. बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला कसतात तो बोल्ट गंजून पांढरा-हिरवा झाला होता. अर्थिंग नीट मिळत नाही म्हणून सेल्फ ओढत नव्हता, आणि त्याच कारणाने रेडिएटरचा पंखा मरगळलेला फिरत होता, म्हणून गाडी तापत होती. वायर १८०, मजुरी २५०. एकूण ४३० रुपये.

आणि ती साय? गाडी रोज तीन-चार किलोमीटरच्याच फेऱ्या मारते, इंजिन पुरतं तापत नाही, थंडीत झाकणाला वाफ धरते. गॅस्केट खरंच गेली तर डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही चहासारखं दिसतं, कूलंट सारखं कमी होतं. माझं दोन्ही ठीक होतं. डिपस्टिक काढून दाखवायला सांगा, झाकणावर जाऊ नका. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या बोल्टांवर जुनं तेल आणि धूळ जशीच्या तशी होती, म्हणजे हेड उघडलंच नव्हतं. "जुना" म्हणून पिशवीत दिलेला अल्टरनेटर तर ओम्नीचाही नाही. नऊ दिवस गाडी का चालली? त्याने तो बोल्ट फक्त आवळला होता. म्हणजे त्याला बिघाड पहिल्याच दिवशी कळला होता!

चौकीत गेले. "गाडी चालू आहे ना, मॅडम? मग फसवणूक कसली?" मुलाने फोनवर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ काढून दाखवलं, तर साहेब म्हणाले हा दिवाणी मामला आहे. दीड तास बाकावर बसवून अर्ज घेतला, पोच दिली नाही. पुन्हा गेले तर अर्ज सापडत नव्हता. पोच मागितली म्हणून आवाज चढवला. परिवहन कार्यालयात सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या ठिकाणी पक्कं बिल मागितलं. पक्कं बिल देणारा माणूस असं करील का? सगळीकडे एकच प्रश्न, "तुम्ही तेव्हाच का नाही पाहिलं?" चोराला कोणी काही विचारत नाही, विचारतात ते मला. डबे सोडून पाच दुपारी गेल्या त्यात.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षांची. यूपीआयची पावती आणि ते वहीचं पान, एवढ्यावर अर्ज करतेय. पार्ट बदलायचा असेल तर आधी जुन्यावर स्वतः खूण करा, फोटो काढा, बदलताना समोर उभ्या राहा. रोख देऊ नका. तीनशेचा मीटर घरात ठेवा.

पिशवीतला अल्टरनेटर मी कपाटावर ठेवलाय, काकांनी त्याच्या पुलीवर पांढऱ्या खडूने खूण करून दिली आहे. कोणाकडे वहीच्या पानावरचं असंच बिल असेल तर मला कळवा, आयोगात दोन अर्ज एकत्र जातील.