फर्ग्युसनचा कार्बेटर, तीन हजारांचं बजेट आणि सोलापुरातल्या विजापूर वेशीकडचे मिस्त्री

आधीच सांगतो, कार्बेटर दुरुस्त करणाऱ्या ह्या मिस्त्रींना चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते पुढं येईलच.

आमच्याकडं आज्जाच्या काळातला फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर आहे, राखाडी, छोटा. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली सेकंड हँड घेतलेला. हे मॉडेल इंग्लंडात कोव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ बनत होतं, पाच लाखांच्या वर निघाले, आणि आमचा त्यातला पेट्रोल-रॉकेलवाला, म्हणजे चालू पेट्रोलवर करायचा आणि इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचा. टाकीतच दोन कप्पे. आता रॉकेल कुठलं मिळायला, त्यामुळं गेली कित्येक वर्षं नुसत्या पेट्रोलवरच चालतोय. नांगरट वगैरे काही नाही हो, छोटी ट्रॉली ओढायची, कडबा आणायचा, आणि आण्णांना (वडील) रोज एकदा त्यावर बसल्याशिवाय चैन पडत नाही एवढाच त्याचा उपयोग.

तर हा पावसाळ्यापासून त्रास द्यायला लागला. सकाळी हँडल मारलं की चालू व्हायचा, पाच मिनिटं बरा, मग काळा धूर, रेस आपोआप वर खाली, वर खाली, आणि कार्बेटरच्या (पेट्रोलमधे हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) बुडातून पेट्रोल टपटप खाली. शेजारच्या वस्तीवरचा पोरगा बघून म्हणला "काका पेट्रोल गळलालंय की ओ, बिडी नका पेटवू". एक गंमत लक्षात आली की पेट्रोलचा कॉक बंद केला की मिनिटभर एकदम झ्याक चालायचा आणि मग पेट्रोल संपलं की बंद. म्हणजे पेट्रोल कमी पडत नव्हतं, जास्त होत होतं, फ्लोट (आतल्या पेट्रोलवर तरंगणारा डबा) किंवा त्यानं ढकलून पेट्रोल थांबवणारी सुई गेली हे मलाही कळलं, पण कळणं वेगळं आणि जमणं वेगळं.

एडमंड हिलरी १९५८ साली असल्याच फर्ग्युसनांना पट्टे लावून दक्षिण ध्रुवापर्यंत गेला आणि आमचा मार्डी रोडला वस्तीपासून दोनशे मीटरवर बंद पडून उभा, लोक हॉर्न मारत्यात.

पहिल्यांदा जवळच्याच एका मेकॅनिकला दाखवलं, नाव घेत नाही, ओळखीतला आहे. त्यानं ट्रॅक्टरवरच कार्बेटर उघडला, मेन जेटमधे (पेट्रोल मापात सोडणारं बारीक भोक) स्टीलची तार घालून खरडलं, फ्लोटची पट्टी अंदाजानं वाकवली, ६०० रुपये घेतले. दुसऱ्या दिवसापासून आणखी जास्त पेट्रोल प्यायला लागला. मग स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो तर काउंटरवरचा पोरगा माझ्याकडं येड्यासारखं बघून म्हणतो ट्रॅक्टर डिझेल असतोय काका, कार्बेटर मोटारसायकलला असतोय. त्याची चूक नाही, आपल्याकडं आयशरनं १९५९ ला ट्रॅक्टर बनवायला घेतले ते डिझेल, नंतर जे आले तेही डिझेल, त्याच्या बापानंसुद्धा कार्बेटरवाला ट्रॅक्टर बघितला नसेल.

ऑनलाइन नवाकोरा कार्बेटर मिळतोय, पॅटर्नचा, म्हणजे नक्कल, ओरिजनल जेनिथ कंपनीच्या कार्बेटरसारखाच दिसतो, मला साडेपाच हजारापर्यंत पडत होता. पण आण्णांनी सरळ सांगितलं, "जुना ओरिजनल काढून त्या जागी डब्बा बसवायचा नाही. दुरुस्त होत असला तर कर नाहीतर राहू दे उभा." मग बजेट ठरवलं तीन हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. ऑनलाइन रिपेअर किट मागवलं ११५० ला, त्यात सुई, सीट, जेट, पॅकिंग, वायसर सगळं. आणि एका रिक्षावाल्यानं विजापूर वेशीकडच्या एका बोळातल्या मिस्त्रींचा पत्ता दिला, म्हणला कार्बेटर सोडून दुसरं काहीच करत नाहीत ते.

दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली, पाटी नाही. भिंतीला तारेत ओवलेले कार्बेटर, लुनाचे, स्कूटरचे, जुन्या जीपांचे, अॅम्बॅसिडरचे, कांद्याच्या माळेसारखे. मिस्त्री चाचा सत्तरीच्या पुढचे असतील. मी पिशवीतून आमचा काढून ठेवला, त्यांनी चष्मा वर सारून बघितला आणि पहिलं काय केलं तर थ्रॉटलची (रेस कमीजास्त करणारी) दांडी दोन बोटांत धरून हलवली. कटकट वाजली. "मालक, सुई नंतर बगू. हितनं हवा खातंय. तुम्ही किती बी सुया बदला, रेस खालवर होणारच." हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दांडीच्या भोवतीची भोकं झिजून अंडाकृती झालेली, तिथनं फुकटची हवा आत जाते, मग मिक्श्चर बिघडतंय, मग रेस एकसारखी ठेवणारा गव्हर्नर बिचारा सावरायला बघतो आणि रेस नाचते. मी उगाच इतके दिवस गव्हर्नरला शिव्या घालत होतो.

मग खोलला. बोलच्या (कार्बेटरची पेट्रोलची वाटी) तळाला पांढरट हिरवट चिकट गाळ, वाळलेल्या शेवाळासारखा. चाचा म्हणले हे आताच्या पेट्रोलचं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतंय, इथेनॉल पाणी ओढून घेतं, गाडी महिनाभर उभी राहिली की ते खाली बसतं आणि जुनी जस्ताची धातू खातं, जुनं रबर, बुचाचं पॅकिंग सगळं फुगवतं. आपल्या जिल्ह्यात वाटेल तिकडं साखर कारखाने, आमचाच ऊस जातोय, आणि त्याचंच इथेनॉल येऊन आमच्याच कार्बेटरला खातंय, आता तक्रार कुणाकडं करायची सांगा.

जेट उजेडाकडं धरून बघितलं आणि माझ्याकडं वळून, "कौन तार घाल्या रे इसमें?" मी गप्प. भोक मोठं झालेलं, एका बाजूला ओरखडा. म्हणले जेटमधे स्टील कधीच नाही, अडकलंच तर ब्रशचा प्लास्टिकचा केस नाहीतर वायरमधला तांब्याचा एक धागा, तोही आत-बाहेर, खरडायचं नाही. नुसत्या हवेनं निघतंय बऱ्याचदा.

आता इथं किटची गोष्ट. किटमधला जेट आमच्या जेटशी जुळवला तर दोन्हीवरचे आकडे वेगळे. मला वाटलं गेले पैसे. चाचांनी विचारलं, "रॉकेल घालताव का अजून?" नाही म्हणलं. "मग हाच बसवा, हा पेट्रोलवाल्या मॉडेलचा हाय. तुमचा जुना रॉकेलवाला होता." म्हणजे विकणाऱ्यानं चुकीचा पाठवला आणि तोच बरोबर निघाला, असलं नशीब माझं लॉटरीत का नसतंय. पण बाकी किट बेकार. बोलच्या पॅकिंगची भोकं जुळेनात. सुई-सीट नवी असून गळत होती, कसं कळलं तर त्यांनी सुई जागेवर बसवून नळीला ओठ लावून हवा ओढली, जीभ चिकटून राहिली पाहिजे म्हणले, नाही राहिली. मग सीटवर ब्रासोचा एक थेंब टाकून सुई बोटांत धरून हळूहळू फिरवत बसले, दहा मिनिटं, मधे दोन वेळा पुसून परत, आणि शेवटी जीभ चिकटली. ११५० रुपयाच्या किटमधनं कामाला आलं काय तर एक जेट, एक सुई-सीट आणि चार वायसर. विकणाऱ्याला दोनदा मेसेज केला, उत्तर नाही.

पॅकिंग मात्र त्यांनी जसं केलं ते बघायलाच जा. पॅकिंग पेपरचा तुकडा बॉडीच्या तोंडावर ठेवला आणि गोल तोंडाच्या छोट्या हातोडीनं कडेकडेनं टुक टुक टुक, जिथं कड आहे तिथं कागद आपोआप तुटत जातो. स्क्रूच्या भोकांवर बेअरिंगची गोळी ठेवून एक ठोका, गोल भोक तयार. कात्री नाही, पेन्सिल नाही. चहा येईपर्यंत पॅकिंग तयार आणि एका बाजूला सुद्धा चुकलं नव्हतं.

फ्लोटचं असं झालं की तो कानाशी हलवला तर आत पेट्रोल वाजत होतं. पितळी फ्लोट, बारीक चीर. चहाच्याच भांड्यात पाणी कडक तापवून बाजूला घेतलं, स्टो बंद केला आणि फ्लोट त्यात बुडवून धरला, एका जागेतून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. तिथं खूण. सगळं पेट्रोल निघून जाईपर्यंत गरम पाणी बदलत राहिले, मग सोल्डरिंगनं अगदी टिपूसभर कथील. मी म्हणलं जरा जास्त लावा की मजबूत होईल, तर म्हणले "वजन वाढलं की बुडतंय मालक, मग पुन्हा ओव्हरफ्लो." गप्प बसलो.

दांडी आणि बुश (दांडी ज्यात फिरते त्या छोट्या नळ्या) मात्र ते स्वतः करत नाहीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे पार्ट करणारा एक लेथवाला आहे, त्याच्याकडं चिठ्ठी देऊन मलाच पाठवलं. टॉवेलच्या मागाचे पार्ट करणारा माणूस, ट्रॅक्टरचा कार्बेटर बघून आधी हसला, पण गनमेटलचे दोन बुश आणि नवी दांडी करून दिली, ६५० घेतले, आणि आता दांडी हलवली तर आवाज नाही, पण बोटानं लोण्यासारखी फिरते.

हिशोब सांगतो म्हणजे कुणाला करायचं असलं तर अंदाज येईल. किट ११५०, चाचांची मजुरी ९००, लेथ ६५०, क्लीनरचा स्प्रे २८०. झाले २९८०. वीस रुपये उरले त्याचा दोघांनी चहा पिला. आधीचे ६०० ह्यात धरले नाहीत, ते पाप वेगळ्या खात्यावर. आणि किट न मागवता आधी चाचांकडं गेलो असतो तर आणखी सात-आठशे वाचले असते असं आता वाटतंय, त्यांच्याकडच्या डब्यात जुने जेट भरपूर आहेत.

आता पाचवा स्टार. दोन दिवसांत देतो म्हणले आणि अकरा दिवस लावले. फोन उचलत नाहीत, म्हणजे उचलतच नाहीत, मी चार चकरा मारल्या, त्यातली एक शुक्रवारी दुपारी मारली, ती माझीच चूक. बिल मिळत नाही, गॅरंटी विचारली तर हसतात. ट्रॅक्टरवर येऊन बसवून देत नाहीत, कार्बेटर तुम्हीच काढून न्यायचा आणि तुम्हीच बसवायचा, त्यामुळं ज्याला पाना धरता येत नाही त्यानं आधी माणूस बघावा. गाडी लावायला जागा नाही, बोळात मोटारसायकल सुद्धा तिरकी लावावी लागते. आणि कमी बोलणाऱ्या माणसाकडं जास्त प्रश्न विचारले की ते काम थांबवून तुमच्याकडं नुसतं बघत बसतात, हे मला जरा लागलं.

रविवारी बसवला. हवेचा स्क्रू पूर्ण आत नेऊन दीड फेरा सोडा आणि तापल्यावर कानानं जुळवा असं सांगितलं होतं, तसं केलं. चालूच होईना. अर्धा तास चाचांना मनातल्या मनात बोललो आणि मग बघितलं तर टाकीखालच्या काचेच्या वाटीतली जाळी गंजानं बंद, पेट्रोल येतच नव्हतं. ती धुतली, त्याच नादात एअर क्लीनर उघडला तर तेलाच्या जागी लापशी, कधी बदललं होतं देव जाणे. प्लग घासले, पॉइंट साफ केले. तुम्ही पण कार्बेटरला दोष द्यायच्या आधी हे बघून घ्या, मी उलट्या क्रमानं केलं. मग तिसऱ्या हँडलला चालू. एका लयीत, धूर नाही, खाली एक थेंब नाही. गव्हर्नरचा रॉड अर्धा आटा फिरवायला लागला एवढंच.

आता तीन महिने झाले. सकाळी थंड इंजिनला चोक जरा जास्त वेळ धरावा लागतो, ते पहिल्यापासून होतं का नवीन आहे मला आठवत नाही. बाकी तक्रार नाही.

देताना चाचांनी एक सांगितलं होतं की उभा करताना किल्लीनं बंद करू नका, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि बोलमधलं पेट्रोल संपून आपोआप बंद होऊ दे, म्हणजे आत गाळ धरणार नाही. हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणले "मला शिकवतोस होय, तू जन्मला नव्हतास तवापासनं चालवतोय." काल संध्याकाळी कडबा टाकून आले, लिंबाखाली लावला, कॉक बंद केला, आणि खाली न उतरता तसेच सीटवर बसून राहिले, इंजिन फडफड करत आपलं आपण बंद पडेपर्यंत.